घरावर कोरलेली तक्रार

पुणेरी पाट्यांचं आपल्याला भारी कौतुक, पण लिव्हरपूलजवळ नोझ्ली हॉल म्हणून डर्बीच्या अर्ल (इंग्लिश सरदारांचा एक किताब) घराण्याचा एक अवाढव्य वाडा आहे, त्याच्या दर्शनी भागावर १७३२ साली घरमालकाने दगडात कोरून घेतलेली जी पाटी आहे ती वाचल्यावर सदाशिव पेठेनेही हात जोडावेत. मजकूर साधारण असा की मी जेम्स, डर्बीचा अर्ल, जेम्स आणि शार्लटचा नातू, त्या आजोबांचं डोकं १५ ऑक्टोबर १६५१ ला बोल्टनमधे उडवलं, का तर ते दुसऱ्या चार्ल्सला घट्ट धरून राहिले म्हणून, आणि त्याच चार्ल्सने, या निष्ठेपायी गेलेल्या जमिनी आम्हाला परत द्याव्यात असं बिल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने पास केलेलं असताना, ते नाकारलं.

बास. एवढंच. ना देवाचं नाव ना सुस्वागतम्. आपल्या पाट्यांचा राग कसा, फाटकासमोर गाडी लावणाऱ्यावर नाहीतर दुपारी बेल वाजवणाऱ्यावर, इथे थेट राजावर, आणि तोही मरून सत्तेचाळीस वर्षं झालेला.

मला ही पाटी भयंकर आवडते, कारण या घराण्याचा मूळ धंदा निष्ठेचा नव्हताच मुळी. पहिला अर्ल थॉमस स्टॅनली. १४८५ साली बॉसवर्थच्या मैदानात राजा तिसरा रिचर्ड एका बाजूला, हेन्री ट्यूडर दुसऱ्या बाजूला, आणि हे महाशय फौज घेऊन कडेला उभे. पोटचा मुलगा रिचर्डकडे ओलीस, आणि हेन्री म्हणजे बायकोच्या आधीच्या लग्नाचा मुलगा, म्हणजे माणूस अडकला होता हे खरंच, पण शेवटपर्यंत हलला नाही तो नाहीच. ऐनवेळी भावाची माणसं हेन्रीच्या मदतीला तुटून पडली, रिचर्ड मेला, आणि त्याच वर्षी थॉमसरावांना डर्बीची अर्लकी मिळाली. कुंपणावर बसून इतकं कमावलेलं माणूस विरळाच. आणि घराण्याचं ब्रीद काय, तर 'न बदलता'! असो.

तर अशा घरात १६०७ साली सातवा अर्ल जेम्स, म्हणजे पाटीतले ते आजोबा, जन्मला. लँकेशायरमधे यांचा शब्द म्हणजे जवळजवळ राजाचाच शब्द, शिवाय आयल ऑफ मॅन हे अख्खं बेट खाजगी मालकीचं. बायको शार्लट द ला त्रेमुय, फ्रेंच प्रोटेस्टंट, डच स्वातंत्र्याचा जनक मानतात त्या विल्यम द सायलेंटची नात, लग्न १६२६ ला हेगमधे झालं. जेम्स तसा दरबारात रमणारा गडी नव्हता, पण १६४२ ला राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली आणि हा सरळ राजाच्या बाजूला जाऊन उभा राहिला, पणजोबा-खापरपणजोबांची कुठलीही अक्कल न वापरता. सेनापती म्हणून बेताचाच. मँचेस्टरला वेढा घातला तो उठवावा लागला, पुढच्या वर्षी लँकेशायर जवळपास हातचं गेलं.

घरात खरी लढवय्यी होती ती शार्लट. १६४४ च्या फेब्रुवारीअखेर पार्लमेंटच्या फौजेने त्यांच्या लॅथम हाउसला वेढा घातला तेव्हा नवरा आयल ऑफ मॅनला, घरात ही, दोन मुली आणि तीनेकशे शिपाई. शरण या म्हणून निरोपांवर निरोप, आणि ही बाई वेळ काढतेय, बघते म्हणतेय, अटी घालतेय, आणि शेवटी रिग्बी नावाच्या कर्नलचं पत्र आलं ते तिने सरळ फाडलं. बाहेरून एक मोठी उखळी तोफ भिंतींच्या आत गोळे टाकत होती, तिचा फार जाच व्हायला लागला तेव्हा एप्रिलमधे एका पहाटे आतले शिपाई बाहेर पडले आणि ती तोफच ओढत आत घेऊन आले! मेच्या शेवटी राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट येतोय म्हटल्यावर वेढा उठला.

आता इथे पाटी गप्प बसते. वेढा उठवून गेलेले लोक बोल्टन गावात घुसले, आणि २८ मे ला रूपर्टने ते गाव घेतलं तेव्हा जेम्स बरोबर होता, अगदी पुढच्या फळीत. गावात जी कत्तल झाली ती त्या यादवीतल्या सर्वात वाईट कत्तलींपैकी एक समजतात. त्यामुळे १६५१ ला त्याला मारायला बोल्टनच का निवडलं याचं उत्तर नातवाला चांगलंच माहीत असणार, पण दगडावर जागा कमी पडली बहुतेक. बोल्टनवाल्यांनी पाटी लावली असती तर तिचा मजकूर वेगळा असता.

पहिल्या चार्ल्सचं डोकं १६४९ ला गेलं, तरी जेम्स बेटावर ठाण मांडून. पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल, त्याचा जावई आयर्टनने कळवलं की बेट सोडा, तर याने उत्तर धाडलं की पुन्हा निरोप पाठवलात तर कागद जाळीन आणि आणणाऱ्याला फाशी देईन. दोन वर्षांनी मेलेल्या राजाच्या मुलाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या मदतीला इंग्लंडात उतरला, विगनला सपाटून हरला, जखमी होऊन बॉस्कोबेल नावाच्या घरात लपला, आणि नंतर वूस्टरच्या लढाईत सगळंच संपल्यावर पळणाऱ्या चार्ल्सला लपायला हीच जागा त्याने सुचवली. ओकच्या झाडावर बसून वाचलेला राजा म्हणून इंग्लंडात जी गोष्ट सांगतात ती तिथलीच. राजा वाचला. जेम्स पकडला गेला, जीवदान देतो या शब्दावर शरण आलेला, पण कोर्ट मार्शलने तो शब्द मानला नाही. वय ४४. बोल्टनमधे ओल्ड मॅन अँड सायथ नावाचा जुना पब आहे, तिथल्या खुर्चीत तो शेवटचा बसला होता असं सांगतात आणि खुर्ची दाखवतातही.

बेटावर शार्लट होती, पण इलियम धोन नावाच्या स्थानिक पुढाऱ्याने उठाव केला आणि बेट पार्लमेंटच्या हाती गेलं. १६६० ला चार्ल्स परत आला. आठव्या अर्लने, म्हणजे मुलाने, इलियम धोनला पकडून १६६३ च्या जानेवारीत गोळ्या घालून मारलं, आणि राजा भडकला, सर्वांना माफी दिली असताना हे काय, म्हणून! इलियमची जप्त मालमत्ता त्याच्या मुलांना परत द्या असा हुकूम लंडनहून सुटला. म्हणजे बेट शत्रूला देणाऱ्याच्या पोरांना जमीन मिळाली आणि राजासाठी डोकं दिलेल्याच्या पोराला ठेंगा.

राजाची बाजूही थोडी समजते मला. यादवीत अर्ध्या देशाच्या जमिनी हातोहात विकल्या गेलेल्या, एकाला परत दिली की उद्या दारात रांग. आणि पाटीतलं ते 'एकमताने' पण जरा ओढूनताणूनच आहे, लॉर्ड्समधे, म्हणजे वरच्या सभागृहात, बऱ्याच जणांनी लेखी विरोध नोंदवला होता.

पाटी लावणारा नातू १७३६ ला गेला, मुलगा नाही, त्यामुळे अर्लकी लांबच्या भाऊबंदांकडे गेली. त्यांच्यातल्याच बाराव्या अर्लच्या नावाने १७८० पासून घोड्यांची डर्बी सुरू झाली, आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दर फेब्रुवारीत जी इंडियन डर्बी असते तिचं नाव तिथून आलंय. १८५८ ला कंपनी जाऊन राणीचं राज्य आलं तेव्हाचा पहिला भारतमंत्री लॉर्ड स्टॅनली, तोही याच घरातला. आयल ऑफ मॅन मात्र जेम्स-शार्लटच्या मुलीच्या वंशात, अथोलच्या ड्यूककडे गेलं, आणि १७६५ साली राजसत्तेला ते हवंसं झालं तेव्हा ७०,००० पौंड रोख मोजावे लागले.