प्रवासवर्णनातलं खरं किती मानायचं?

प्रवासाची, शोधमोहिमांची जुनी पुस्तकं मी सतत वाचत असते, त्यामुळे एक प्रश्न हटकून समोर येतो: यातलं खरं किती मानायचं? विचारणाऱ्यांच्या कानावर काहीबाही आलेलं असतं. मार्को पोलो चीनला गेलाच नव्हता, इब्न बतूताने दुसऱ्यांचं उचललं, अमक्याने शिखर न चढताच फोटो छापला. मग इतकी पानं वाचायची कशासाठी? तुम्हीही परवा हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी कसोटी एकच आहे. लेखकाने मनात आधीपासून जे धरून ठेवलं होतं, ते जिथे समोरच्या वास्तवापुढे हरतं, त्या वाक्यावर मी विश्वास ठेवते.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याचं. इजिप्तचा राजा नेको याने इसवी सनापूर्वी 600 च्या सुमाराला फिनिशियन खलाशांना आफ्रिकेला वळसा घालायला पाठवलं, अशी हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. हे लोक तांबड्या समुद्रातून दक्षिणेला निघाले. शरद ऋतू आला की जिथे असतील तिथे किनाऱ्याला लागायचे, धान्य पेरायचे, पीक हाती येईपर्यंत थांबायचे आणि पुढे निघायचे. तिसऱ्या वर्षी जिब्राल्टरच्या बाजूने ते इजिप्तला परतले. हे सांगून झाल्यावर हेरोडोटस म्हणतो की, आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य आपल्या उजव्या हाताला होता असं ते सांगतात. दुसरा कुणी मानो, मी काही मानत नाही.

आता आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पश्चिमेकडे तोंड करून चाललेलं जहाज डोळ्यांपुढे आणा. उजवा हात उत्तरेला. तिथून दुपारचा सूर्य उत्तरेलाच दिसणार, कारण आपण विषुववृत्ताच्या बरंच खाली आलेलो असतो. भूमध्य समुद्राच्या आसपास आयुष्य गेलेल्या माणसाला हे घरबसल्या सुचणं फार कठीण. हेरोडोटसला ते अशक्य वाटलं, आणि तरीही त्याने ते गाळलं नाही. ही सफर खरोखर पार पडली असं सगळे अभ्यासक मानत नाहीत, पण जे मानतात त्यांचा सगळ्यात मोठा आधार हे न पटलेलं वाक्यच आहे. पटलं नाही ते गाळायचं नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. त्याच्याच पुस्तकात सोनं उकरणाऱ्या, कुत्र्यापेक्षा लहान पण कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्याही आहेत. पण त्यांच्यासाठी मी हे वाक्य सोडून देणार नाही.

मार्को पोलोचं तसंच. त्याचं पुस्तक त्याने एकट्याने लिहिलेलं नाही. 1298 च्या सुमाराला तो जेनोआत कैदेत होता, आणि बरोबरचा कैदी रुस्तिचेल्लो हा शूरवीरांच्या अद्भुत कथा लिहिणारा लेखक होता. त्यामुळे लढाया आणि दरबार यांची वर्णनं त्या कथांच्या थाटात येतात, ती मी सावधपणे वाचते. चीनची भिंत त्यात नाही, हा आक्षेप मात्र मला लंगडा वाटतो. आज आपण जी भिंत पाहतो ती बहुतांशी मिंग राजवटीतली, म्हणजे मार्कोनंतरची.

पण सुमात्रामधला त्याचा युनिकॉर्न बघा. युरोपच्या दंतकथांत हा एकशिंगी प्राणी देखणा, शुभ्र, कुमारिकेच्या मांडीवर डोकं टेकवून शांत होणारा. मार्को सांगतो तो प्राणी हत्तीपेक्षा फारसा लहान नाही. अंगावर म्हशीसारखे केस, पाय हत्तीसारखे, डोकं रानडुकरासारखं आणि कायम जमिनीकडे झुकलेलं. चिखलात लोळायला त्याला आवडतं, दिसायला कुरूप, आणि आपल्याकडे सांगतात तसा तो मुळीच नाही, असं तो बजावून सांगतो. हा गेंडा, हे उघड आहे. सुमात्रात केसाळ गेंडा आजही आहे. नाव जुन्या कथेतलंच राहिलं, पण डोळ्यांनी कथेला जुमानलं नाही. वाचकांना हवा तो युनिकॉर्न देणं सोपं होतं, त्याने तो दिला नाही. म्हणून तुतीच्या सालीपासून केलेल्या, राजमुद्रा उमटवलेल्या कागदी पैशांबद्दल तो सांगतो, तेही मी लक्ष देऊन ऐकते.

याच्या अगदी उलट टोकाला कोलंबस उभा आहे. जून 1494 मध्ये, दुसऱ्या सफरीत, तो क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्याने जात होता. किनारा संपेना आणि जहाजं पुढे नेण्याच्या अवस्थेत राहिली नव्हती. तेव्हा त्याने लेखनिकाला बोलावून खलाशांकडून शपथपूर्वक वदवून घेतलं की ही मुख्य भूमी आहे, बेट नव्हे. पुढे कुणी शब्द फिरवला तर 10,000 मारावेदी (तेव्हाचं स्पेनचं नाणं) दंड आणि जीभ कापण्याची शिक्षा. आशियाला पोहोचलोच पाहिजे, या हट्टापायी भूगोलावर शपथपत्र! मला ते वाचताना आजही राग येतो. सोबतच्या माणसांची नजरच त्याने बंद करून टाकली. कोलंबस खोटारडा होता असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या कल्पनेवर त्याची खरोखर निष्ठा होती. पण अशा माणसाचं प्रत्येक वाक्य मला दोनदा तपासावं लागतं.

इब्न बतूतावरचा आरोप तेवढा गंभीर नाही. 1325 मध्ये टँजिअरहून निघालेल्या या माणसाने शेवटी इब्न जुझय्य नावाच्या विद्वानाला सगळं सांगितलं, त्याने ते लिहून काढलं, आणि दमास्कससारख्या शहरांच्या वर्णनात आधीच्या प्रवाशाचा, इब्न जुबैरचा, मजकूर मिसळला. त्या काळच्या लेखनात हे चालत असे.

जपानी कवी बाशो याचं प्रकरण मात्र नाजूक आहे. 1689 मध्ये तो उत्तरेच्या दुर्गम भागात पायी गेला, आणि त्या प्रवासाचं त्याने लिहिलेलं छोटंसं पुस्तक जगभर वाचलं जातं. बरोबर त्याचा शिष्य सोरा होता. सोराची रोजनिशी 1943 मध्ये छापली गेली आणि गुरूच्या पुस्तकाशी ती ठिकठिकाणी जुळेना. बाशोने एका मुक्कामी शेजारच्या खोलीतल्या दोन गणिकांची गोष्ट सांगितली आहे, आणि ती फार हळवी आहे. सोराच्या नोंदीत त्यांचा पत्ताच नाही. काही वाचकांना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही. बाशो बरीच वर्षं त्या मजकुरावर हात फिरवत होता आणि त्याला कविता घडवायची होती. पण तिथल्या रस्त्यांबद्दल, पावसाबद्दल, मुक्कामांबद्दल शंका आली तर मी सोराला विचारीन.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही, पण विचारायला हवी: ज्यांच्या भरवशावर हे प्रवास झाले, त्यांना काय माहीत होतं? कॅप्टन कुकच्या जहाजावर 1769 मध्ये ताहितीहून तुपाइया नावाचा पुजारी आणि दर्यावर्दी चढला. त्याला प्रशांत महासागरातली डझनावारी बेटं नावानिशी ठाऊक होती. त्याच्या सांगण्यावरून केलेल्या नकाशात सत्तरहून जास्त बेटं आहेत. युरोपीय होकायंत्राच्या पद्धतीने पाहिलं तर त्यातली कित्येक भलत्याच जागी दिसतात, आणि म्हणून पुष्कळ काळ त्याच्या ज्ञानावर शंका घेतली गेली. आता काही अभ्यासक म्हणतात की तो नकाशा दुसऱ्या रीतीने वाचायचा आहे, एका बेटावरून दुसऱ्याकडे कोणत्या दिशेने निघायचं ते सांगणारा म्हणून. वाद मिटलेला नाही. तुपाइया 1770 मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, वारला. त्याने स्वतः प्रवासवर्णन लिहिलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून कुठून सुरुवात करू असं विचारलंत, तर एकाच प्रवासाच्या दोन हकीकती शेजारी ठेवून वाचा, असं मी सांगेन. बाशो आणि सोरा. किंवा दक्षिण ध्रुवाकडे एकाच मोसमात निघालेले नॉर्वेचा अमुंडसेन आणि ब्रिटनचा स्कॉट. पहिला 14 डिसेंबर 1911 ला पोहोचला, दुसरा 17 जानेवारी 1912 ला. मराठीत हवं असेल तर गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ घ्या. 1857 च्या धामधुमीत पाहिलेलं त्यांनी पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलं, 1907 मध्ये चिं. वि. वैद्य यांनी ते फेरफार करून छापलं, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढली. दोन्ही मिळवा, आणि झाशीच्या वेढ्याची पानं आधी वाचा.