रामकुंडाच्या पुढची गोदावरी

नाशिकला येणारा माणूस गोदावरी बघतो ती रामकुंडावर, आणि तिथूनच माघारी फिरतो. मला तिथून पुढे जायचं होतं. गंगापूर धरणाचं पाणी शहर पितं, वापरतं. मग ते कुठे जातं आणि कोणाच्या वाट्याला येतं, हे बघायला एप्रिलातल्या एका सकाळी मित्राच्या गाडीवर मागे बसून तपोवन गाठलं.

तपोवनातल्या मलजल प्रक्रिया केंद्राची परवानगी आधीच काढली होती. पहिल्या जाळीपाशीच अख्खं शहर अडकलेलं दिसतं: गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, निर्माल्य, चिंध्या. वास येतो, पण थोड्या वेळाने नाक सरावतं. वाळू खाली बसली की पाणी यूएएसबी टाक्यांत जातं. तिथे ते तळातून सोडतात. वर चढताना ते गाळाच्या जाड थरातून जातं आणि त्या थरातले जिवाणू हवेवाचून घाण खातात. वर बुडबुडे येतात ते प्रामुख्याने मिथेनचे. हवा फुंकायला मोठे ब्लोअर लागत नाहीत, वीज वाचते; गंगा-यमुनेकाठच्या अनेक शहरांनीही याच कारणाने हे तंत्र घेतलं.

तिथल्या ऑपरेटर काकांनी दोन बरण्या दाखवल्या. येणारं पाणी काळं, जाणारं फिकट पिवळसर. मी खूश झालो, तर काका म्हणाले, "रंग नका बघू, बीओडी बघा." म्हणजे उरलेली घाण पचवायला जिवाणूंना पाण्यातला किती प्राणवायू लागेल, त्याचं माप. जुना निकष लिटरला 30 मिलिग्रॅमचा. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 10 चा आग्रह धरला. नुसत्या यूएएसबीला तो गाठता येत नाही, पुढे हवा देणारी आणखी एक पायरी लागते. आणि सांडपाण्यातलं नत्र नि स्फुरद या टाक्यांतून जवळजवळ जसंच्या तसं पुढे जातं.

तिथे उभं असताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. तपोवन रामकुंडाच्या खाली आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ हवी, असं सगळे म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर रामकुंड असतं. या केंद्रातून सुटलेलं पाणी मात्र तिथे कधीच पोचत नाही. ते निफाड तालुक्यात जातं. तेव्हा नदीची परीक्षा घ्यायची तर सायखेड्याच्या पुलावर घ्यायला हवी.

औरंगाबाद रोडने माडसांगवी, ओढा मागे टाकत चांदोरीला आलो. पुढे सायखेड्याचा पूल, आणि पुलाखाली पाणी दिसेचना. या काठापासून त्या काठापर्यंत पाणवेली. नत्र आणि स्फुरद म्हणजे खतच की! द्राक्षाला पैसे मोजून घालायचं ते इथे नदीला फुकट मिळतंय.

काठच्या एका द्राक्षबागेत खरड छाटणी चालली होती. बागवाल्या दादांनी आधी पाणी दिलं, मग बोलले. "आम्हाला पाणी हेच. ठिबकचा फिल्टर रोज धुतो. मशीन येतं, वेली काढतं, पंधरा-वीस दिवसांत परत तेवढ्याच." ते पाणी त्यांनी घरच्या बोअरचं दिलं होतं, नदीचं आता कोणी पीत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. यावर मी काय बोलणार? नाशिकमध्ये नळ सोडणाऱ्यांतलाच मी.

शेवटी नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेला. थंडीतली पाहुणी बदकं गेली होती, जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर होत्या. इथे पाणी थांबतं, म्हणून गाळही इथेच बसतो. पाणवेली कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो नि मासे गुदमरतात.

जायचं असेल तर पावसाळ्याआधी जा. पुरात वेली वाहून जातात आणि सायखेड्याची नदी काही आठवडे स्वच्छ वाटते. प्रक्रिया केंद्रासाठी लेखी अर्ज आधी द्या, आणि मुलांना न्या. जाळीपाशी त्यांना फार काही समजावून सांगावं लागत नाही.