मॉडेलरचा टोन: काय कापावे आणि कशासाठी

ठाण्यात इमारतीत राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे बहुतेक जण आज ना उद्या डिजिटल मॉडेलरकडे, म्हणजे ॲम्प आणि स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राकडे किंवा सॉफ्टवेअरकडे, वळतात. व्हॉल्व्हचा पंधरा-वीस वॅटचा ॲम्पसुद्धा ज्या पातळीला आणल्यावर खुलतो, ती पातळी घोडबंदर रोडवरच्या कोणत्याही संकुलातील शेजाऱ्यांना सोसण्यासारखी नसते. मग हेलिक्स, पॉड गो, क्वाड कॉर्टेक्स किंवा संगणकावर मोफत चालणारा न्यूरल ॲम्प मॉडेलर यांपैकी काहीतरी घरात येते, हेडफोन लावला जातो, आणि काही दिवसांतच ठरलेली तक्रार ऐकू येते: वर चरचर आहे, खाली घुमारा आहे आणि एकूण आवाज खोटा वाटतो. ही तक्रार करणाऱ्याचे कान बरोबर असतात. दोष मात्र तो जिथे शोधतो तिथे बहुधा सापडत नाही. ॲम्पची मॉडेले बदलत राहिल्याने किंवा तयार प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेली सेटिंग) विकत घेतल्याने तो जात नाही, कारण तो ॲम्पच्या पुढच्या साखळीत असतो. खऱ्या ॲम्पसमोर उभे राहून वाजवताना जे घटक न सांगता आपले काम करत होते, ते हेडफोनमध्ये गळून पडलेले असतात. त्यांचे काम ईक्यूचे, म्हणजे निरनिराळ्या पट्ट्यांतला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाचे, दोन-तीन फिल्टर उत्तम करू शकतात, फक्त कोणता फिल्टर कोणाच्या जागी उभा केला आहे हे वाजवणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

यातला सर्वांत मोठा घटक म्हणजे स्पीकर. गिटार ॲम्पमधला बारा इंची स्पीकर गाणी ऐकण्यासाठी बनवलेला नसतो. सेलेशनच्या प्रसिद्ध व्हिंटेज ३० या स्पीकरचा पल्ला कंपनीनेच ७० ते ५००० हर्ट्झ असा दिलेला आहे. पाच हजारांच्या वर त्याचा आवाज वेगाने उतरत जातो, म्हणजे डिस्टॉर्शनमधून (मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून) निघणारी बरीचशी खरखर तो मुळात बाहेर येऊच देत नाही. हेडफोन, स्टुडिओ मॉनिटर किंवा फुल रेंज स्पीकर मात्र २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत सारे काही इमानाने ऐकवतात. मॉडेलरमधला कॅब, म्हणजेच खऱ्या स्पीकरच्या पेटीचा टिपलेला ठसा (इम्पल्स रिस्पॉन्स किंवा आयआर), स्पीकरची ही मर्यादा सोबत आणतो हे खरे, पण तो बहुधा जाळीला जवळपास टेकवलेल्या मायक्रोफोनने टिपलेला असतो. १९६५ पासून बाजारात असलेला शुअरचा एसएम ५७ या कामासाठी जगभर वापरला जातो. त्याला पाच-सहा हजार हर्ट्झच्या आसपास मुद्दाम उंचवटा दिलेला आहे, आणि स्रोताच्या अगदी जवळ नेल्यावर त्यातला खालचा पट्टा फुगतो. खोलीत वाजवताना आपले कान काही जाळीला चिकटलेले नसतात. गिटारचा स्पीकर वरचे स्वर अरुंद झोतासारखे सरळ समोर फेकतो, आणि वाजवणारा त्या झोताच्या वर व बाजूला काही फुटांवर उभा असतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज आपोआप निवळलेला असतो. मॉडेलर देतो तो आवाज खोलीतल्या ॲम्पचा नसून रेकॉर्डिंग कक्षात माइकने टिपलेल्या ॲम्पचा असतो. ध्वनिमुद्रक असा आवाज आहे तसा गाण्यात सहसा सोडत नाही, तो मिक्सरवर दोन्ही टोकांनी छाटतो आणि मगच गाण्यात बसवतो. आपल्याला आवडलेल्या बहुतेक मुद्रित गिटारी अशा छाटलेल्या असतात, तेव्हा तेच काम घरी स्वतः करण्यात काही अप्रामाणिक आहे असे मला मुळीच वाटत नाही.

खालच्या टोकापासून सुरुवात करावी, कारण ते तुलनेने सोपे आहे. नेहमीच्या सुरावटीत गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, आणि ड्रॉप डी केली (ती तार एक स्वर खाली उतरवली) तर ७३ ला. त्याखाली उरतो तो हाताचा धक्का, तारेवर तळवा आपटल्याचा धपका आणि माइकच्या जवळिकीने फुगलेला घुमारा. एकट्याने वाजवताना लो-कट (ठरावीक आकड्याखालचे कापणारा फिल्टर) ८० च्या आसपास पुरतो, पण बँडमध्ये मी तो निःसंकोचपणे १०० ते १२० पर्यंत नेतो. यावर अनेकांना शंका येते की ८२ हर्ट्झचा सूर १२० ला कापला तर तो सूरच नाहीसा होणार नाही का. तसे होत नाही. फिल्टर उताराने कापतो, त्यामुळे तो पट्टा एकदम पुसला जात नाही. शिवाय मूळ स्वर क्षीण झाला तरी १६५, २४७, ३३० अशा त्याच्या हार्मोनिकांवरून (पटीतल्या वरच्या स्वरांवरून) आपला कान तोच सूर ओळखतो. खालची जागा बास गिटारची आहे, तिची जाड तार ४१ हर्ट्झला बोलते. आपल्याकडच्या वाद्यवृंदांत तर बासच्या जोडीला ढोलकीचा धूमही असतो, आणि तो धूम स्वच्छ ऐकू यावा म्हणून गिटारने थोडे मागे सरणे हा साथीचा शिष्टाचार आहे असे मी मानतो.

वरच्या टोकाला खरी कसोटी लागते. क्लीन टोनमध्ये वरच्या पट्ट्यात फारसे काही नसते, म्हणून तिथे हाय-कट (ठरावीक आकड्यावरचे कापणारा फिल्टर) आठ-दहा हजारांवर ठेवला तरी चालते आणि तारेची चमक टिकते. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढवला की चित्र पालटते. लाट जितकी सपाट कापली जाते तितके वरचे हार्मोनिक दाट होतात, आणि स्पीकरने न अडवलेली ही दाटी म्हणजेच ती चरचर. मी असे करतो: भरपूर गेनवर गिटारच्या मानेवरील पाचव्या-सातव्या फ्रेटवरचा पॉवर कॉर्ड लांबवत ठेवायचा, हाय-कट बारा हजारांवरून हळूहळू खाली आणायचा, आणि फक्त सुराभोवतीच्या फसफशीकडे लक्ष द्यायचे. सहा ते आठ हजारांच्या दरम्यान कुठेतरी ती सुरापासून सुटते. तिथून आणखी खाली गेल्यास आवाज बद्द होऊ लागतो, पिकचा ठसका मरतो आणि तारा जुन्या झाल्यासारख्या वाटतात. अशा वेळी थोडे परत वर यावे आणि तिथे थांबावे.

आकडे एकमेकांना सांगताना एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे उतार. सहा हजारांचा हाय-कट दर सप्तकाला ६ डेसिबलचा असेल तर बारा हजारांवर जेमतेम ७ डेसिबल कमी होतात, १२ चा असेल तर साधारण १२ आणि २४ चा असेल तर सुमारे २४. एका उपकरणावरचा आकडा दुसऱ्यावर जसाच्या तसा उचलला आणि आवाज जुळला नाही, तर त्यामागे बहुधा हा उतार असतो. गिटारच्या स्पीकरचा स्वतःचा उतार बराच तीव्र असल्यामुळे, निवड करता येत असेल तर मी हाय-कटसाठी १२ किंवा त्याहून तीव्र उतार घेतो आणि आकडा थोडा वर ठेवतो. सौम्य उताराने चरचर घालवायची तर आकडा इतका खाली आणावा लागतो की तिच्यासोबत तीन-चार हजारांमधला जिवंतपणाही जातो.

हाय-कटने न जाणारी एक खरखरही असते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ४८,००० च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला इतके नमुने घेत) चालणाऱ्या यंत्राला २४,००० हर्ट्झच्या वरचे काही मांडता येत नाही. डिस्टॉर्शनने निर्माण केलेले त्यावरचे हार्मोनिक उलटून खाली येतात, आणि ते अशा ठिकाणी येऊन पडतात जिथे मूळ सुराशी त्यांचे नाते उरत नाही. ओव्हरसॅम्पलिंग (आतली गणिते जास्त सॅम्पल रेटवर करणे) नीट केलेल्या मॉडेलरमध्ये हा प्रकार कानावर येत नाही, पण काही स्वस्त यंत्रांत आणि जुन्या प्लगइनमध्ये येतो. भरपूर गेनवर, वरच्या फ्रेटवर तार ताणून पाहावी. सूर वर चढत असताना मागे एखादी बारीक शीळ खाली उतरताना ऐकू आली, तर तो याचा पुरावा समजावा. ती शीळ सुरांच्याच पट्ट्यात मिसळलेली असल्याने नंतरचा कोणताही ईक्यू तिला वेगळी काढू शकत नाही. गेन कमी करणे किंवा ओव्हरसॅम्पलिंगची सोय असल्यास ती वाढवणे, एवढेच हाती उरते.

दोन्ही टोके बसली की मधल्या पट्ट्यात फार थोडे करावे लागते. अडीच ते चार हजारांच्या दरम्यान कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो, आणि माइकचा बोचरेपणाही तिथेच जाणवतो. दोन-तीन डेसिबलची रुंद घट तिथे बहुतेक वेळा पुरते, आणि वाद्यवृंदात गायकाचे शब्दही त्यामुळे मोकळे होतात. एक अरुंद बँड दहा-बारा डेसिबल उचलून सगळीकडे फिरवायचा आणि जिथे वाईट वाटेल तिथे कापायचे, ही पद्धत फार लोकप्रिय आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. इतका अरुंद बँड इतका उचलला तर कोणतीही जागा वाईटच वाटते, आणि शेवटी चांगल्या टोनला चार-पाच ठिकाणी भोके पडतात. त्याऐवजी आधी कॅबमधला माइक स्पीकरच्या मधल्या टोपीवरून कडेकडे सरकवून पाहावा किंवा दुसरा आयआर लावावा. त्या एका बदलाने जे साधते ते ईक्यूच्या आठ बँडांनी साधत नाही.

ॲम्पच्या आधी लावलेला ईक्यू हे निराळेच हत्यार आहे. नंतरचा ईक्यू तयार झालेल्या डिस्टॉर्शनला रंग देतो, तर आधीचा ईक्यू कशाचे डिस्टॉर्शन व्हायचे ते ठरवतो. ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्हचा पेडल इतकी वर्षे ॲम्पच्या आधी का लावला जातो याचे उत्तर यातच आहे: त्याच्या क्लिपिंगच्या (लाट कापण्याच्या) टप्प्यात सुमारे ७२० हर्ट्झखालचा भाग कमी वाढवला जातो, त्यामुळे ॲम्पला गाळीव सूर मिळतो आणि जाड तारा एकमेकींत विरघळत नाहीत. नेकच्या हंबकरवर (मानेजवळच्या दुहेरी गुंडाळीच्या पिकअपवर) आवाज चिखलासारखा येत असेल, तर ॲम्पनंतर कितीही कापले तरी तो पातळ चिखलच होतो. ॲम्पच्या आधी दीडशे-दोनशेच्या आसपास लो-कट लावला की तोच सूर सुटासुटा होतो. याच ओघात एक आठवण करून द्यावीशी वाटते की ॲम्पवरच्या तिन्ही गुंड्या मध्यावर ठेवणे म्हणजे सपाट आवाज नव्हे. फेंडरच्या धर्तीच्या ॲम्पमध्ये सर्व गुंड्या पाचवर असतानाही मधला पट्टा खोल गेलेला असतो, आणि इमानदार मॉडेल तो खड्डाही इमानाने आणते.

आता आवाजाच्या पातळीकडे येतो. शहरी वाजवणाऱ्यासाठी माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि कल्याणहून किंवा मुंबईहून गाडीने घरी परतणाऱ्या माणसाला गिटार हातात घ्यायला दहाच वाजलेले असतात. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज हळू असताना आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी आणि अगदी वरचेही काहीसे कमी ऐकू येतात. त्यामुळे रात्री हळू आवाजात पॅच (मॉडेलरमध्ये साठवलेली सेटिंग) बनवणारा माणूस नकळत दोन्ही टोके वाढवून ठेवतो, आणि त्या पातळीला ते सुंदरही लागते. तोच पॅच वाशीतल्या तालमीच्या खोलीत ड्रमच्या बरोबरीने वाजू लागला की बास घुमतो, वरचा भाग टोचतो आणि गिटारचा मूळ गाभा असलेला पाचशे ते दोन हजारांचा पट्टा कुठेच सापडत नाही. आवाज खोटा असल्याची तक्रार पुन्हा सुरू होते, आणि दोष पुन्हा मॉडेलच्या माथी जातो.

यावर उपाय असा की बँडमध्ये वापरायचा पॅच मोठ्या आवाजात, दिवसाउजेडी, शक्यतो तालमीच्या जागीच पक्का करावा आणि घरी तो किंचित कोरडा, मधल्या पट्ट्यात पुढे आलेला वाटला तरी तसाच ठेवावा. घरच्या सुखासाठी वेगळी नक्कल करून ठेवायला काहीच हरकत नाही. तुलना करताना ईक्यू चालू आणि बंद या दोन्ही स्थितींत पातळी सारखी करून घ्यावी, कारण दोन आवाजांपैकी मोठा असलेला नेहमीच चांगला वाटतो आणि कापल्यामुळे आलेला हलकेपणा उगाच वाईट ठरतो.

नाट्यगृहात साउंडवाले दादा विचारतात, "लाइन देताय की माइक लावू?" लाइन देत असू, म्हणजे मॉडेलरचा आवाज थेट तारेने मिक्सरला देत असू, तर आपण लो-कट कितीला लावला आहे ते त्यांना सांगावे. मिक्सरच्या चॅनेलवर बहुधा ७५ ते १०० हर्ट्झच्या दरम्यान लो-कटचे बटण असते, आणि ते आपल्या फिल्टरच्या जोडीने दाबले गेले तर उतार दुप्पट होऊन गिटार पातळ होते. स्वतःसाठी ठेवलेला मॉनिटर जमिनीवर असेल तर जमिनीमुळे त्याचा खालचा पट्टा वाढतो. त्यासाठी पॅचला हात लावू नये, ती दुरुस्ती मॉडेलरच्या ग्लोबल ईक्यूत (सर्व पॅचना एकत्र लागू होणाऱ्या ईक्यूत), आणि शक्य असल्यास फक्त मॉनिटरला जाणाऱ्या आउटपुटवर करावी. पॅचमधला ईक्यू टोनसाठी आणि ग्लोबल ईक्यू जागेसाठी, ही वाटणी एकदा केली की पॅच सगळीकडे तोच राहतो. कार्यक्रम आटोपल्यावर ग्लोबल ईक्यू पुन्हा सपाट करूनच तारा गुंडाळाव्यात, नाहीतर पुढच्या तालमीला त्या नाट्यगृहासाठी केलेली दुरुस्ती सोबत येते आणि नीट असलेला पॅच बिघडला असे समजून आपण तोच बदलायला घेतो.