‘सर्व’ लिहिलेला रकाना

आमचं सभासद मंडळ अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतं. सगळे स्वयंसेवक, मी कार्यवाह. विज्ञानाच्या एका पुस्तकाची चौदा प्रकरणं आम्ही नऊ जणांत वाटून घेतली. वाचन महिन्याभरात झालंसुद्धा. पण परीक्षेला तीन आठवडे उरले, तेव्हा विद्यार्थ्यांना देण्याजोगी प्रकरणं तयार होती फक्त तीन.

त्या रविवारी बैठकीत मी तक्ता उघडला. प्रकरण, वाचक, तारीख, सगळं नीट भरलेलं. ‘ऐकून तपासणार’ या रकान्यात मात्र मी ओळीने ‘सर्व’ लिहिलं होतं. कोण काय तपासतंय, विचारलं. कोणी काही बोललं नाही.

रिंगेलमान नावाच्या फ्रेंच अभियंत्याचा दोर ओढण्याचा प्रयोग मला माहीत होता, १९१३ साली प्रसिद्ध झालेला. आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येतो. हे माहीत असूनही मी ‘सर्व’ लिहिलं, याचं मला फार वाईट वाटलं.

मग आमच्यातल्या एक निवृत्त मुद्रितशोधक बाई म्हणाल्या, “मी सहा प्रकरणं ऐकलीत.” त्यांनी वही पुढे केली. बारीक अक्षरात मिनिट, सेकंद, चूक. पाचव्या प्रकरणात १२:४० ला ‘निर्वात पोकळी’चं ‘निवांत पोकळी’ झालं होतं. डोळस मुलगा पुस्तकात बघून खात्री करून घेईल. आमचा विद्यार्थी जे ऐकेल तेच उत्तरपत्रिकेत सांगेल.

“मग कळवलं का नाहीत?”

“वाचकाला ‘परत वाचा’ म्हणायचं मी, की तुम्ही? दोनदा विचारलं तुम्हाला. तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”

खरं होतं. काम लोकांकडे दिलं होतं, निर्णय मात्र स्वतःकडेच ठेवले होते.

तक्ता तिथेच बदलला. प्रत्येक प्रकरणापुढे तपासणारं एकच नाव, एक तारीख, आणि एक नवा रकाना: ‘न विचारता काय ठरवायचं’. बाईंपुढे लिहिलं: अर्थ बदलत असेल तर परत वाचून घ्यायचं, खोकला, पान उलटल्याचा आवाज तसाच सोडायचा. मग एकेकाला विचारलं, आठवड्याला खरोखर किती तास देता येतील? एक जण म्हणाला, आईचं ऑपरेशन आहे, या महिन्यात शून्य. त्याच्याकडची दोन प्रकरणं लगेच दुसऱ्यांनी घेतली. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पगार नसलेल्या माणसाला ‘जमणार नाही’ म्हणायला फार संकोच वाटतो. तो मनातल्या मनात अपराधी होत राहतो आणि काम तिथेच अडतं.

बुधवारी रात्री बाईंचा फोन आला.

“पाचवं प्रकरण परत वाचून घेतलं, विद्यार्थ्यांकडे पाठवलंही. विचारत नाहीये, फक्त कळवतेय.”