मंगळवारचे इंटरव्हल, रात्रीचा भात, बुधवारची पहाट : सहा आठवड्यांची नोंद

मंगळवारी संध्याकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या चढावर धावण्याचे इंटरव्हल (ठरावीक अंतर जोरात, मधे दम, पुन्हा जोरात), ते संपतात पावणेआठला. बुधवारी पहाटे साडेपाचला पुन्हा बूट. मधे पावणेदहा तास, त्यातले सहा-साडेसहा झोपेचे. कार्ब (कर्बोदकं) कधी खायचे याचा खरा कस या पावणेदहा तासांतच लागतो. दोन सरावांत पूर्ण दिवसाचं अंतर असेल तर दिवसाची एकूण बेरीज जमली की पुरे, तासभर मागेपुढे झाल्यानं काही बिघडत नाही. म्हणून नोंद फक्त मंगळ-बुध जोडीची आणि रविवारच्या लांब पल्ल्याच्या धावेची. सगळे आकडे ६५ किलो वजनाला धरून आहेत. आपापल्या वजनाप्रमाणे कमीजास्त करून घ्या.

आठवडा १ आणि २ : बदल काही नाही, फक्त वजनकाटा

तांदूळ कच्चाच मोजायचा. शिजलेल्या भाताचं वजन पाण्यावर जातं. मऊ भात आणि मोकळा भात एकाच वाटीत मोजले तरी आकडे जुळत नाहीत. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम कार्ब, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ च्या आसपास. आहार नोंदवायच्या अॅपमध्ये ‘तांदूळ’ निवडून भाताचं वजन टाकलं की आकडा जवळजवळ तिप्पट होतो. सुरुवातीच्या बहुतेक गफलती याच निघाल्या. ३० ग्रॅम कणकेची पोळी २१ ग्रॅम, ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर ४३ ग्रॅम, मध्यम केळ २५ ग्रॅम.

वहीतली एक ओळ अशी :

‘मंगळ. ६ × ८०० मी., संपलं ७:४५. ७:५५ चहा. जेवण ९:४५ : ३ पोळ्या, आलू-वांगं (तर्री वर), भात नाही. दिवा बंद ११:००. झोप उशिरा, ३ ला जाग. बुध. ५:३० ला सुरुवात, ६ व्या किलोमीटरनंतर पाय जड.’

‘रात्री भात नको’ हा आपल्याकडचा लाडका नियम. बैठ्या दिवसाला तो चालूनही जाईल, पण ६ × ८०० (आठशे मीटर जोरात, सहा वेळा) झाल्यावर नाही. जोराच्या इंटरव्हलमध्ये स्नायूंतलं ग्लायकोजेन (कार्बचा शरीरातला साठा) भराभर संपतं. भरपूर कार्ब मिळाले तरी ते तासाला ५ ते ७ टक्क्यांच्या वेगानंच भरून येतं, म्हणजे पूर्ण भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. वरच्या ओळीत सराव संपल्यावर दोन तास पोटात चहाशिवाय काही नाही, आणि मग सगळे मिळून जेमतेम ६५-७० ग्रॅम कार्ब, तेही तेलात बुडवून. तेलामुळे जठर उशिरा रिकामं होतं, त्यामुळे ११ ला आडवं होताना जेवण वरच असतं.

दुसऱ्या आठवड्यात दिवाळीचा फराळ आडवा आला. चकली, शंकरपाळे, अनारसे यांत कार्ब आहेत पण तूप-तेल त्याहून भारी, आणि मोजायचं कसं हा प्रश्न वेगळाच. तो आठवडा वहीतून सरळ वगळला आणि पुन्हा केला.

चहाबद्दल एक सांगून ठेवतो. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. आठच्या सुमारास टपरीवर घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री एकलाही अंगात असतं. बऱ्याचदा दोष भाताला जातो आणि कारण असतं ते कटिंग. म्हणून भाताला हात लावायच्या आधी संध्याकाळी ५ नंतरचा चहा बंद. दोन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

आठवडा ३ आणि ४ : जेवण पुढे ओढलं, भात परत आणला

बसवलेली घडी अशी. ७:५० ला, घाम पुसता पुसता, २ केळी आणि ५०० मिली लिंबू सरबत (३० ग्रॅम साखर, दोन चिमट्या मीठ). झाले ८० ग्रॅम. घरी पोचून ८:३० ला ८५ ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, म्हणजे ६६ ग्रॅम. घट्ट वरण, वाटीभर दही, तूप एकच चमचा. वरणातले कार्ब धरून संध्याकाळची बेरीज १६० च्या घरात जाते, म्हणजे किलोमागे अडीच ग्रॅम. दिवा बंद १०:४५.

खेळाडूंच्या आहाराच्या मार्गदर्शनात पहिले चार तास दर तासाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असं सांगितलेलं असतं. म्हणजे आपल्याला २६० ग्रॅमच्या वर. रात्री नऊला एवढं खाऊन कोणी झोपून दाखवावं! ते आठ तासांच्या आत पुन्हा जोरात उतरणाऱ्यांसाठी आहे. बुधवारची धाव संथ ठेवली तर अडीच ग्रॅम पुरतात.

भाताने झोप येते हे घरोघरी माहीत आहे. मागची साखळी अशी : इन्शुलिन वाढलं की रक्तातली बरीचशी मोठी अमिनो आम्लं स्नायूंत ओढली जातात, ट्रिप्टोफॅनला (हेही एक अमिनो आम्लच) मेंदूत शिरायला स्पर्धा कमी उरते, आणि त्यातून सेरोटोनिन, पुढे झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन. २००७ साली सिडनी विद्यापीठाच्या गटानं १२ निरोगी पुरुषांवर हे तपासलं. झोपेच्या चार तास आधी पटकन पचणारा जास्मिन तांदूळ खाल्ला तर झोप सरासरी ९ मिनिटांत लागली, सावकाश पचणाऱ्या तांदळानं १७.५ मिनिटांत. तेच जास्मिनचं जेवण एक तास आधी घेतलं तर १४.६ मिनिटं. माणसं थोडी होती, खेळाडू नव्हती, आणि जेवण जवळजवळ निव्वळ कार्बचं होतं. वरण-दह्याची प्रथिनं आली की ट्रिप्टोफॅनचा फायदा पातळ होतो. तरी ‘भात लवकर’ एवढं त्यातून नक्की उचलता येतं.

वहीत फरक दिसला तो दोन रकान्यांत : ३ ची जाग आणि सकाळचा विश्रांतीचा ठोका (शांत असतानाची नाडी). उशिरा जेवण झालेल्या रात्रीनंतर ठोका चढलेला, साडेआठच्या जेवणानंतर नेहमीच्या जागी. घड्याळातल्या ‘गाढ झोप’ रकान्याकडे फार बघू नका. मनगटावरची यंत्रं झोपेचे एकूण तास बऱ्यापैकी सांगतात, झोपेचे टप्पे ओळखताना मात्र चुकतात.

आठवडा ५ : उलटा प्रयोग

संध्याकाळी जोर, रात्री कार्ब जवळजवळ नाही, पहाटे उपाशी संथ सराव. याला ‘स्लीप लो’ म्हणतात. २०१६ च्या फ्रान्समधल्या अभ्यासात ट्रायथलॉन खेळाडूंनी तीन आठवडे हे केलं; दिवसाचे एकूण कार्ब दुसऱ्या गटाइतकेच होते, फक्त वेळा वेगळ्या. त्यांचा १० किलोमीटरचा वेळ साधारण ३ टक्क्यांनी सुधारला. एकूण कार्ब तेवढेच होते, ही गोष्ट सांगताना लोक नेमकी गाळतात.

आठवड्यात एकच रात्र घेतली. पहिली चूक झुणक्याची : भाकर काढली की झालं असं वाटतं, पण ५० ग्रॅम बेसनातच २९ ग्रॅम कार्ब आहेत. पाटवडीचंही तेच. शेवटी ताट असं बसलं : ३ अंडी, १०० ग्रॅम पनीर, काकडी, पालक. झोप लागली पण उथळ. पहाटे चारलाच भुकेनं डोळे उघडे. सकाळची धाव ४५ मिनिटं, बोलता येईल इतकीच. वेग वाढवायला गेलं की पाय लगेच जाब विचारतात. ज्यांची झोप आधीच तुटक आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही.

आठवडा ६ : पहाटेचं खाणं आणि रविवार

रात्रभरात यकृतातलं ग्लायकोजेन बरंचसं उतरतं, स्नायूंतलं जवळजवळ तसंच राहतं. म्हणून तासाभराची संथ धाव उपाशी जमते, दोन तासांची जमत नाही.

पहाटेच्या खाण्यात एक खड्डा आहे. सुरुवातीच्या ३० ते ६० मिनिटं आधी गोड खाल्लं तर काहींची रक्तशर्करा पहिल्या काही मिनिटांत एकदम खाली येते : हात थरथर, डोकं हलकं. ४:५० ला खजूर आणि ५:३० ला धाव, म्हणजे बरोबर त्या खड्ड्यात. ज्यांना हा त्रास होतो त्यांनी एकतर ४:१५ ला खावं (झोप मोडते, परवडत नाही) किंवा थेट सुरू करायच्या ५-१० मिनिटं आधी केळ खावं. धाव सुरू झाली की इन्शुलिन चढत नाही. केळच वरचढ ठरलं.

रविवारी ९० मिनिटांच्या वर : १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ (दीड ग्रॅम), एक लिंबू. दर १५-२० मिनिटांनी १५० मिली, म्हणजे तासाला २७ ते ३६ ग्रॅम. ‘थोडी जास्त ताकद’ म्हणून साखर दुप्पट केली की पोटात पाणी डचमळतं; ८ टक्क्यांच्या वरचं द्रावण जठरातून सावकाश उतरतं. उसाचा रस त्याहूनही घट्ट, निम्मं पाणी घातल्याशिवाय नको. संत्री धावताना नाही, नंतर : १०० ग्रॅम गरात जेमतेम ११-१२ ग्रॅम कार्ब, आणि साल-बियांचा पसारा. तर्री-पोहेही नंतरच. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४६ ग्रॅम कार्ब मिळतात, तर्रीचं तेल त्या वेळी आडवं येत नाही, आणि रविवारचा मान राहतो.

पुढच्या चार मंगळवारांची मांडणी : दोन रात्री ८५ ग्रॅम तांदूळ, दोन रात्री तेवढेच कार्ब देणारी दीड भाकर, साधारण ९० ग्रॅम पिठाची, वेळ ८:३० तीच, चहा बंदच. कोणती रात्र कशाची ते चिठ्ठी काढून ठरवायचं. एप्रिल-मेमध्ये झोपायच्या वेळेलाही उकाडा उतरायला तयार नसतो, अंग थंड झाल्याशिवाय झोप येत नाही, तेव्हा हीच वही पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागेल.