डबा बदलला

आमच्या कंपनीत सर्व्हरला कुणी सर्व्हर म्हणत नाही. डबा म्हणतात. २०१४ साली घेतलेला काळा टॉवर, अकाउंट्सच्या मागच्या खोलीत, एका बाजूला लेटरहेडचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला गणपतीचं मखर. २०२४ च्या संक्रांतीला झाडलोट करणाऱ्या मावशी तिळगूळ द्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मॅडम, त्या डब्याचा एक दिवा पिवळा झालाय. दिवाळीपासनं. बाकीचे तीन हिरवेच हायेत."

मी आधी तिळगूळ खाल्ला. मग ते वाक्य डोक्यात शिरलं आणि पळत मागच्या खोलीत गेले.

मी मुळात क्वालिटीतली, डॉक्युमेंट कंट्रोल बघणारी. भोसरीत साठ माणसं होती तेव्हा रुजू झाले. आयटीसाठी वेगळा माणूस कधी नेमलाच नाही. ज्याला अडकलेला प्रिंटर सोडवता येतो तो आयटी, या न्यायाने ते खातं माझ्या गळ्यात पडलं. आता चाकणचा प्लांट धरून आम्ही सव्वादोनशेच्या वर आहोत, आणि डबा तोच.

त्यात दोन-दोन टीबीच्या चार डिस्क, रेड ५ नावाच्या मांडणीत. चौघींवर माहिती अशी वाटलेली असते की एक गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा हिशेब काढता येतो. दुसरी गेली की संपलं. म्हणजे आमची एक डिस्क दिवाळीत गेली होती आणि दोन महिने आम्ही एका दोरीवर लटकत होतो. सर्व्हरने इशाऱ्याच्या मेल पाठवल्याही होत्या. केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर.

देखभालीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नवी डिस्क खोचा, आपोआप भरून घेईल. ऐकायला बरं वाटलं, पण मी हात आवरला. नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. त्या तिघी त्याच दिवशी, त्याच खोक्यातून आलेल्या, दहा वर्षं रात्रंदिवस फिरलेल्या. एक थकली असेल तर बाकीच्यांना आपण तरुण कशाच्या भरवशावर समजायचं? आधी सगळं बाहेर काढायचं, मग दुरुस्ती, असं ठरवलं आणि आठ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क मागवल्या.

पहिल्या रात्री साधं कॉपी-पेस्ट लावून घरी गेले. सकाळी येऊन बघते तर रात्री बारा वाजून बारा मिनिटांपासून एक खिडकी माझी वाट बघत उघडी: फाइलचं नाव फार लांब आहे. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. आमच्याकडे फोल्डरात फोल्डर, त्यात 'नवीन', त्यात 'फायनल', त्यात 'फायनल खरं' अशी दहा मजली इमारत उभी होती. मग विंडोजमधलीच रोबोकॉपी नावाची कमांड शिकले. ती लांब नावांना अडखळत नाही, आणि काय राहिलं ते लिहून ठेवते. चार रात्रींत सगळं निघालं. त्यानंतर नवी डिस्क खोचली, ती भरली, चारही दिवे हिरवे झाले. साहेब म्हणाले, "झालं ना मग काम?"

झालं नव्हतं. डब्यात जेमतेम पाच-सहा टक्के जागा उरली होती. पूर्वी एक ड्रॉइंग म्हणजे दोन एमबी. आता कास्टिंगचं थ्रीडी स्कॅन दोन-तीन जीबीचं होतं, आणि तपासणीच्या लाइनवरचा कॅमेरा प्रत्येक नगाचा फोटो ठेवतो. शिवाय डब्यावरच्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ला ऑक्टोबर २०२३ पासून सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालेलं. हे सगळं साहेबांना सांगितलं. त्यांना पटलं ते मात्र यातल्या कशानेच नाही. आमच्याच गल्लीतल्या एका युनिटचं सगळं रॅन्समवेअरने कुलूपबंद झालं आणि त्यांचे मालक चहाला येऊन बसले, तेव्हा पटलं.

कोटेशनं तीन आली. पहिल्याने फायबरवरचं असं काही सुचवलं की ते ठेवायला वेगळी एसी खोली बांधावी लागली असती. दुसरा म्हणाला, सगळं क्लाउडवर टाका. मी त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर ठेवला: पाच टीबी, अपलोडचा वेग ५० एमबीपीएस, बाकी कुणी इंटरनेटला हात लावला नाही तरी सव्वानऊ दिवस. वर चाकणला जेसीबीने केबल तोडली की शे-चारशे पार्टच्या असेंब्लीची फाइल उघडायची कशी, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तिसरा निगडीचा, एकट्याने धंदा करणारा पोरगा. त्याने किंमत सांगण्याआधी विचारलं, "तुमच्याकडे एकावेळी फाइल किती जण उघडतात?" त्याला काम दिलं.

ठरलं ते असं: भोसरीत आठ कप्प्यांचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारं डिस्कचं कपाट, त्यात आठ टीबीच्या सहा डिस्क, रेड ६ मध्ये, म्हणजे दोन गेल्या तरी चालेल. चाकणला दुसरा नॅस, रोज रात्री इथलं तिथे. शिवाय दोन यूएसबी डिस्क आळीपाळीने, एक कायम कंपनीबाहेर आणि कशालाच न जोडलेली. डिस्क निवडताना एक गोष्ट मी हट्टाने पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, लिहून घेतली: सीएमआर. म्हणजे माहितीचे ट्रॅक शेजारी शेजारी, एकमेकांवर न चढलेले. स्वस्तातल्या काही डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची ओळ उचलावी लागते. घरच्या फोटोंना त्या चालतात. रेडमध्ये एखादी बदलून नव्याने भरायची वेळ आली की दिवसचे दिवस रखडतात.

साहेबांनी हिशेब केला. सहापैकी दोन सुरक्षेला, चार आठे बत्तीस. स्क्रीनवर दिसले २९.१. "तीन टीबी कुठे गेले? काटा मारला का पोराने?" मग त्यांना समजावलं की डिस्क बनवणारा हजारच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या. त्यांचा चेहरा सांगत होता की काटाच मारलाय.

खरी मेहनत मशीन यायच्या आधीची. काय ठेवायचं, काय टाकायचं? हे निगडीचा पोरगा सांगू शकत नाही, मीही नाही. अडीच महिने वही घेऊन टेबलाटेबलावर फिरले. टूलिंगच्या ड्रॉइंगचं एकच फोल्डर अकरा ठिकाणी सापडलं, आणि त्यातलं चालू कुठलं हे फक्त टूलरूमच्या मामांना ठाऊक. जुन्या नोटिसा युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट एकाच संगणकावर उरलेला, बाकी सगळीकडे नुसता अक्षरांचा चिवडा. 'डिस्पॅच २०१६' उघडलं तर आत साहेबांच्या मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ, ३८ जीबी. ते डिलीट करायची माझी काय बिशाद. वेगळं फोल्डर करून सन्मानाने हलवले.

टाकायला लोक घाबरतात आणि त्यांचं चूक नाही. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डप्रमाणे पार्टच्या मंजुरीचे कागद तो पार्ट उत्पादनात आणि सुट्या भागांच्या पुरवठ्यात असेपर्यंत, आणि वर एक कॅलेंडर वर्ष ठेवावे लागतात. आमचा २००९ चा एक ब्रॅकेट अजून स्पेअरमध्ये जातो. त्याचा जुनाट कागद म्हणजे चालू कागद. हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्याने आठ वर्षं. टॅली मात्र मी नॅसवर नेली नाही. ती अकाउंट्सच्या एका पीसीवरच ठेवली आणि रोज तिचा बॅकअप नॅसवर घेतला. साहेबांना सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही यातच हवं होतं. मी नाही म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांना सरळ नाही म्हणायची ही दुसरी वेळ असेल.

लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत मला कधी पटली नाही. इथे मात्र मी स्वतः तांदळाचं ताट पुढे केलं: नव्या नॅसला जुन्या डब्याचंच नाव दिलं, आयपीही तोच, ड्राइव्हचं अक्षरही तेच झेड. कारण सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली असेंब्ली आपले पार्ट कुठे आहेत त्याचा पूर्ण पत्ता पोटात ठेवते. डिझाइनमधले अर्धे जण झेडमधून फाइल उघडायचे, अर्धे सर्व्हरच्या नावाने. यातलं एक जरी बदललं असतं तरी दुसऱ्या दिवशी निम्म्या असेंब्ली "पार्ट सापडत नाही" म्हणून बसल्या असत्या.

अडलं सीएमएमवर. मोजमापाचं ते यंत्र अजून ठणठणीत, पण त्याचा पीसी विंडोज एक्सपीवर आणि सॉफ्टवेअर त्यावरच चालणारं. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त पहिली, जुनी बोली येते, एसएमबी १. नव्या नॅसवर ती मुळातच बंद. चालू करणं दोन क्लिकचं काम होतं. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला तो याच दारातून, आणि एका काकांच्या पीसीसाठी सगळ्या घराची कडी काढून ठेवायची मला हिंमत झाली नाही. शेवटी एक जुना पीसी मध्ये दुभाष्या म्हणून बसवला: लिनक्स टाकलं, दोन नेटवर्क कार्डं, एक केबल फक्त सीएमएमला, दुसरी नॅसकडे. दर दहा मिनिटांनी तो एक्सपीकडून रिपोर्ट उचलतो आणि पुढे पोचवतो. सीएमएमवाल्या काकांना अजून पत्ता नाही की मध्ये कुणी आहे.

बदलायचा दिवस गुरुवार, आमच्याकडची साप्ताहिक सुट्टी. नुसत्या गणिताने पाच टीबी सेकंदाला शंभर एमबीने चौदा तासांत जायला हवेत. पण सीएमएमच्या लाखो चिमुकल्या टेक्स्ट फाइलींपाशी वेग चार-पाच एमबीवर येतो, म्हणून पहिली कॉपी आधीच दोन आठवडे रात्री चालवली होती. बुधवारी रात्री दहाला सगळ्यांना बाहेर काढून फक्त मधल्या काळातला फरक न्यायचा होता. रोबोकॉपीत आरशासारखी हुबेहूब प्रत करणारा एक स्विच आहे. तो जे मूळ जागी नाही ते पोचण्याच्या ठिकाणाहून पुसून टाकतो. कुठून आणि कुठे याची अदलाबदल झाली तर काय होईल, या विचाराने मला कापरं भरलं. ट्रेनी पोराला शेजारी बसवलं, कमांड त्याला मोठ्याने वाचायला लावली, आधी नुसती यादी काढणारी तालीम केली, मग एंटर. पहाटे सव्वातीनला संपलं. गुरुवारी दिवसभर फाइली उघडून बघितल्या. सगळं चोख.

शुक्रवारी सकाळी सात पाचला व्हीएमसीच्या, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या लाइनवरून फोन आला. तीन मशीन उभ्या.

चूक माझी, आणि ती मी शहाणपणा म्हणून केली होती. सीएनसी प्रोग्रामच्या फोल्डरवर शॉपफ्लोरला फक्त वाचायची परवानगी ठेवली होती, कुणी चुकून मूळ प्रोग्राम बदलू नये म्हणून. पण रात्रपाळीत कास्टिंगचा लॉट बदलला की ऑपरेटर प्रोग्राममध्ये फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग, थोडा सुधारतात आणि तो तिथेच परत सेव्ह करतात. मशीनची स्वतःची मेमरी तोकडी. पुढचा जॉब चढवला की आधीचा पुसला जातो. पहिल्या पाळीने सेव्ह करायला घेतलं, नकार आला, आणि मूळ प्रोग्रामवर चालवायला कुणी तयार होईना. बरोबरच होतं त्यांचं. अडीच महिने वही घेऊन फिरले, पण फिरले ती दिवसपाळीत. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुलूप छान लावलंत, पण माणसं आत ठेवून."

चाळीस मिनिटं मशीन बंद राहिल्या. मी तिथेच उभ्या उभ्या 'सुधारित' नावाचं फोल्डर काढलं. त्यात ऑपरेटर लिहू शकतात, सकाळी प्रोग्रामर बघून मूळ जागी नेतो. पुढचा आठवडा मी रात्रपाळीत बसले. त्या आठवड्यात जे कळलं ते कुठल्याच प्रोसेस शीटवर नाही.

इशाऱ्याच्या मेल आता तिघांना जातात. महिन्यातून एका गुरुवारी मी कुठलीही एक फाइल चाकणच्या प्रतीतून परत आणून उघडून बघते. नॅसवर मोठ्या अक्षरांत कागदही चिकटवलाय: पिवळा दिवा दिसला तर या नंबरवर फोन करा. मावशींनी तो वाचून विचारलं, "आणि निळा?" निळा चालतो, सांगितलं.

जुना डबा सहा महिने तसाच ठेवला, न जाणो काही राहिलं असेल तर. दोनदा खरंच लागला. मग साहेब म्हणाले, भंगारात द्या. डिस्क तशाच देणं शक्य नव्हतं. चारही काढून टूलरूममध्ये नेल्या. मामांनी त्या ड्रिल मशीनच्या व्हाइसमध्ये एकेक धरल्या आणि दहा एमएमचं ड्रिल आरपार घातलं. ॲल्युमिनियमची चकचकीत चिप गोल गोल वर आली. चौथी त्यांनी आधी उघडून बघितली. आतले चुंबक दोन पोरांनी लगेच पळवले, ॲलन की लटकवायला. मामांनी एक तबकडी उचलली, चष्मा वर सरकवून उजेडाकडे तिरकी धरली. त्यांचा सगळा चेहरा तिच्यात दिसत होता.

"हे फिनिश," ते म्हणाले, "आपल्याकडे येत नाही." मग ती व्हाइसमध्ये धरली.