चिखल कुठून येतो

लाल आणि निळा मिळून जांभळा, हे शाळेत पाठ झालेलं असतं. तरी पॅलेटवर जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी उतरतो आणि नवशिका स्वतःच्या हाताला दोष देतो. हाताचा इथे काही संबंध नाही. ट्यूबमधला प्रत्येक रंग शेजारच्या कुणाकडे तरी झुकलेला असतो. व्हर्मिलियन हा लाल पिवळ्याकडे, प्रशियन ब्ल्यू हा निळा हिरव्याकडे. दोघे भेटले की पिवळा आगंतुकासारखा आत शिरतो, आणि तिन्ही मूळ रंग एकत्र आले की एकमेकांचं तेज मारतात. स्वच्छ जांभळा हवा असेल तर निळसर लाल घ्या, म्हणजे क्रिमसन, आणि त्यात लालसर निळा, म्हणजे अल्ट्रामरीन.

हिरव्याचंही तसंच. लेमन यलो आणि प्रशियन ब्ल्यूचा हिरवा पोपटासारखा लखलखतो, केशरीकडे झुकणाऱ्या पिवळ्यात अल्ट्रामरीन घातला तर शेवाळी होतो. अर्थात झाडं रंगवायला हा शेवाळीच जास्त उपयोगी. पोपटी झाडं फार खोटी दिसतात.

मिसळताना गडद रंग फिक्यात घालावा, तोही ब्रशच्या टोकाने. पिवळ्याचा थेंब प्रशियनमध्ये टाकाल तर तो दिसणारसुद्धा नाही, मग पिवळा ओतत बसावं लागतं आणि ढीगभर रंग वाया जातो. भडक रंग शांत करायला काळ्याकडे धाव घेऊ नये. पिवळ्यात काळा घातला की तो चक्क हिरवट होतो. रंगचक्रात समोर बसलेला रंग चिमूटभर पुरतो: लालाला हिरवा, पिवळ्याला जांभळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, यांचा राखाडी तर तयार काळ्या-पांढऱ्याच्या राखाडीपेक्षा कितीतरी जिवंत असतो. पांढऱ्याने रंग उजळतो खरा, पण थंड आणि खडूसारखाही होतो. लालाचा गुलाबी फारच थंड वाटला तर किंचित पिवळा द्यावा.

मिश्रण बरोबर असूनही कागदावर रंग चुकलेला दिसतो, तेव्हा शेजाऱ्यांकडे पाहावं. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने तपासलं तर रंगाई ठीक होती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे काळा निस्तेज भासत होता. यावर त्याचा मोठा ग्रंथ 1839 मध्ये आला. घरी पडताळायचं तर राखाडी कार्डाला लहानसं भोक पाडून त्यातून तो रंग पाहा. शेजारी झाकले जातात, आणि पुन्हा मिसळायची गरज आहे की नाही ते कळतं.